२०० मैलांपलीकडच्या समुद्राची बाजू मांडायची कशी? कोकणातल्या गावांसाठी थोडी माहिती

किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैलांपर्यंत राज्याचे नियम, तिथून २०० मैलांपर्यंत केंद्राचे, हे हर्णैपासून मालवणपर्यंत कुठल्याही तांडेलाला सांगावं लागत नाही. २०० मैल म्हणजे साधारण ३७० किलोमीटर. त्याच्या पुढचं पाणी कुठल्याच एका देशाचं नाही, ते सगळ्यांचं, आणि जगातल्या समुद्राचा जवळपास दोन तृतीयांश भाग असाच आहे. आता या पाण्याबद्दल जिथे निर्णय होतात तिथे खुर्च्या असतात देशांच्या, प्रत्येक देश आपल्या बोटी, आपल्या कंपन्या, आपली बंदरं यांच्यासाठी बोलतो आणि ज्या समुद्राबद्दल सगळं चाललंय त्याच्या बाजूने बोलायला म्हणून नेमलेला कुणीच त्या खोलीत नसतो. हवेचं तेच, अंटार्क्टिकाचं तेच, खोल समुद्राच्या तळाचंही तेच.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बसून आपण यात काय करणार, हा प्रश्न बरोबर आहे, पण त्याला उत्तर आहे. २०१९ मध्ये पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की हवामान बदलाचा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. वानुआतू नावाच्या छोट्या देशाने तो उचलला, २९ मार्च २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव केला आणि २३ जुलै २०२५ ला कोर्टाने मत दिलं की हवामान जपणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. त्याआधी २१ मे २०२४ ला समुद्र कायद्याच्या न्यायाधिकरणाने हरितगृह वायू हे सागरी प्रदूषणच आहे असं सांगितलं, तेही छोट्या बेटांनी विचारलं म्हणून. सुरुवात कॉलेजच्या पोरांनी केली होती. त्यामुळे आपलं गाव लहान आहे हे कारण मला तरी पटत नाही.

सगळ्यात आधी, आपला प्रश्न कुठल्या टेबलावर जातो ते शोधा. बहुतेक लोक इथेच चुकतात, सगळं "पंतप्रधान कार्यालय, दिल्ली" ला पाठवतात आणि मग वाट बघत बसतात.

सुरमई घ्या. सुरमई आणि गेदर हे मासे इंडियन ओशन ट्यूना कमिशनच्या १६ प्रजातींच्या यादीत आहेत, त्याचं ऑफिस सेशेल्समध्ये, भारत सदस्य आहे आणि दिल्लीत हे काम मत्स्यव्यवसाय विभाग बघतो. तिथला नियम असाय की निर्णय झाल्यावर १२० दिवसांत एखाद्या देशाने हरकत घेतली तर तो निर्णय त्याच्यावर बंधनकारक राहत नाही, म्हणजे बैठक संपल्यावरचे चार महिनेही लक्ष ठेवायचे असतात. पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, ते जहाजांनी सांडलेल्या तेलाचे असतील तर तो विषय लंडनच्या आयएमओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, आणि आपल्याकडे मुंबईतल्या डायरेक्टरेट जनरल ऑफ शिपिंगचा. समुद्रतळाच्या खाणकामाचं टेबल जमैकात, किंग्स्टनला, इंटरनॅशनल सीबेड ऑथॉरिटी. हे लांबचं वाटेल पण भारताकडे मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचा शोधकामाचा करार आहे आणि २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग रिज या समुद्राखालच्या डोंगररांगेसाठी वेगळा झाला, ही रिज अरबी समुद्रातच येते.

आणि चौथं टेबल अगदी नवीन आहे, माझ्या मते सगळ्यात कामाचं. हाय सीज करार, ज्याला बीबीएनजे म्हणतात, तो १९ जून २०२३ ला स्वीकारला गेला आणि १७ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली. मोकळ्या समुद्रात राखीव क्षेत्रं करणं, मोठ्या प्रकल्पाआधी पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासणं आणि त्या तपासणीत लोकांना कळवणं, त्यांचं ऐकणं हे सगळं त्यात आहे. पारंपरिक ज्ञान असलेल्या स्थानिक समुदायांचा उल्लेखही करारात स्पष्ट आहे, म्हणजे कोळी, गाबीत, दालदी, भंडारी वस्त्यांना बोलायला दार आहे. प्रस्तावनेत देश स्वतःला आजच्या आणि पुढच्या पिढ्यांच्या वतीने समुद्राचे राखणदार म्हणवतात. राखणदार हा शब्द कोकणात वेगळा समजावून सांगायला नको, गावाची राखण करणाऱ्यापुढे नारळ ठेवणारी माणसं आपण, तर मग राखणदारीचा हिशोबही मागूया.

दुसरं काम नोंदींचं. भावना सगळ्यांकडे असतात, तारखा फार थोड्यांकडे. एक वही करा, मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात ठेवा, आणि जाळ्यात काय आलं, कुठे आलं (जीपीएस बोटीवर असतोच), किती वाव पाण्यात, काय आकाराचं, किती मेलेलं, किती प्लास्टिक, हे लिहीत चला. खोली वावात लिहिली तरी चालेल, शेजारी मीटर लिहा. डांबराचे गोळे आले तर फोटोत पट्टी किंवा नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो, तारीख-वेळ लिहा, थोडे काचेच्या बाटलीत घालून थंड जागी ठेवा. गोव्यात दोनापावलाच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने) अशा गोळ्यांचं फिंगरप्रिंटिंग करून तेल कुठून आलं असेल याचा अभ्यास केलेला आहे, तेव्हा नमुना जपलेला असेल तर पुढे कुणाला तपासता तरी येईल. कासवांच्या नोंदी वेळास, आंजर्ले, गुहागरकडे कासवमित्रांकडे वर्षानुवर्षांच्या आहेत, त्या जोडा. २०२३ मध्ये गुहागरला सॅटेलाइट टॅग लावलेली बागेश्री नावाची कासवीण श्रीलंकेपर्यंत पोहत गेली होती, आपल्या वाळूत अंडी घालणारं जनावर किती हद्दी ओलांडतं हे दिल्लीच्या माणसाला दाखवायला यापेक्षा चांगला कागद नाही.

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि जो करताना त्रास होतो तो. समुद्राच्या बाजूने बोलणं आणि मच्छीमारांच्या बाजूने बोलणं, ही दोन कामं बऱ्याचदा एक असतात, पण नेहमी नाही. परदेशी ट्रॉलरवर बंदी घाला म्हणताना दोन्ही एकच आहे. पण सुरमईची पैदास वाचवायला पकडच कमी करा असं विज्ञान म्हणत असेल तेव्हा? एलईडी लाइट लावून मासे पकडण्यावर केंद्राची २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री उजेड कुठे कुठे दिसतो ते सगळ्यांना माहितीये. पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरून पकडणारे) आणि पारंपरिकवाले एकाच गावात राहतात, एकाच देवळात येतात. म्हणून माझा आग्रह आहे की दोन वेगळे कागद करा. एका कागदावर "आमचं म्हणणं": डिझेल, भाव, नुकसानभरपाई, हद्द, जे काय असेल ते. दुसऱ्यावर "समुद्राचं म्हणणं", आणि तो लिहिताना प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: उद्या गावात एकही बोट नसती तरी हे मागणं बरोबर ठरलं असतं का? ठरत नसेल तर ते वाक्य पहिल्या कागदावर टाका. भांडणं होतील, होऊ द्या, पण दोन्ही एकत्र केले की वरच्या टेबलावर ते अजून एका गटाचं मागणं म्हणून वाचलं जातं आणि समुद्र पुन्हा मुका राहतो.

दुसरा कागद लिहायला वस्तीतली अशी दोन-तीन माणसं नेमा ज्यांची त्यावर्षी कुठल्या परवान्यासाठी किंवा अनुदानासाठी फाइल अडकलेली नाही. न्यूझीलंडने २०१७ मध्ये व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्ती मानलं तेव्हा तिच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमायची पद्धत ठेवली, एक माओरी समाजाकडून आणि एक सरकारकडून. आपल्याकडे उत्तराखंड हायकोर्टाने त्याच वर्षी गंगा-यमुनेबद्दल तसं केलं होतं, पण सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. गावपातळीवर नेमायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

मग ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यातली जी जवळ असेल ती धरा आणि विषय आधी लेखी देऊन अजेंड्यावर घ्या, आयत्या वेळी आणला तर सरपंच पुढे ढकलतात. ठराव लांब नको. साधारण असा:

"आमच्या गावाचा उदरनिर्वाह ज्या समुद्रावर आहे तो २०० मैलांवर संपत नाही. सोबत जोडलेल्या नोंदींनुसार (तारखा, ठिकाणं) त्यात पुढील बदल दिसत आहेत. या समुद्राबद्दल निर्णय घेणाऱ्या बैठकीला जाणाऱ्या भारताच्या शिष्टमंडळाने या नोंदी मांडाव्यात, तसंच देशांच्या हितसंबंधांपासून वेगळा, फक्त समुद्राच्या वतीने बोलणारा प्रतिनिधी तिथे असावा ही मागणी भारताने करावी, आणि बैठकीनंतर काय झालं ते या ग्रामसभेला कळवावं."

वेगळ्या प्रतिनिधीची मागणी हवेतली नाहीये. १९६७ मध्ये माल्टाच्या आर्विद पार्दोंनी आमसभेत समुद्रतळ हा मानवजातीचा सामाईक वारसा मानावा असं मांडलं आणि पुढे १९८२ च्या समुद्र कायद्यात ते उतरलं. १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी सुचवलं होतं की १९९४ पासून बंद पडलेली संयुक्त राष्ट्रांची विश्वस्त परिषद, म्हणजे ट्रस्टीशिप कौन्सिल, समुद्र, वातावरण, अंतराळ यांच्या विश्वस्तपणासाठी वापरावी. ते झालं नाही. पण मागणी जुनी आहे, वजनदार माणसांनी केलेली आहे, हे पत्रात लिहा.

ठराव पाठवायचा कुठे? बीबीएनजे आणि समुद्रतळ असेल तर पृथ्वी विज्ञान मंत्रालय, बाकीचं वर दिलंय. एक प्रत खासदारांना, सोबत तयार प्रश्न जोडून, कारण संसदेत प्रश्नाची नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते आणि तयार प्रश्न दिला तर ते विचारण्याची शक्यता वाढते. प्रश्न साधे ठेवा: हाय सीज कराराच्या रॅटिफिकेशनचं, म्हणजे सहीनंतरच्या अंतिम मंजुरीचं, पुढे काय झालं, शिष्टमंडळात किनाऱ्यावरच्या समाजाचं कोण होतं, कुणाशी सल्लामसलत केली.

उत्तर आलं नाही तर आरटीआय, दहा रुपये, ३० दिवस. इथे एक खुबी आहे, चालू वाटाघाटीतली भारताची भूमिका मागितली तर परराष्ट्र संबंधांचं कारण देऊन कलम ८ खाली नाकारतात, त्यामुळे झालेल्या बैठकीचा अहवाल आणि शिष्टमंडळाची यादी मागा. मराठीत अर्ज करता येतो, सोबत इंग्रजी प्रत असली तर काम लवकर होतं.

थेट टेबलापर्यंत जायचं असेल तर संस्था नोंदवलेली हवी. संयुक्त राष्ट्रांच्या इकोसॉकचा (आर्थिक आणि सामाजिक परिषदेचा) सल्लागार दर्जा मिळवायला संस्था किमान दोन वर्षं जुनी लागते, अर्ज १ जूनपर्यंत, आणि १९ देशांची समिती प्रश्न विचारत विचारत तो बरीच वर्षं लांबवू शकते. त्यापेक्षा आधीच निरीक्षक दर्जा असलेल्या एखाद्या संस्थेशी बोला, त्यांच्या लेखी निवेदनात आपल्या वहीतल्या नोंदी घालायला सांगा, गावाचं नाव घालून. पहिल्या वर्षी तेवढं पुरे.

हाय सीज कराराची पहिली बैठक करार लागू झाल्यापासून वर्षाच्या आत व्हायची असते आणि नंतर त्या नियमित होतात, म्हणून वहीचा गोषवारा दरवर्षी ३१ जुलैला, मासेमारी बंदी संपता संपता काढून ठेवा, तेव्हा बोटी अजून जेटीला असतात, माणसं घरी असतात आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला दोन आठवडे हातात राहतात.