आई-बाबा, पोरं आणि ओस पडलेलं बोडी: दोन दिवसांची सफर कशी आखावी

भारतातून आई-बाबा आले की सॅन फ्रान्सिस्को बे एरियातली बहुतेक घरं त्यांना गोल्डन गेट, लेक टाहो आणि योसेमिटी दाखवतात. ते झालं असेल, तर या खेपेला सिएरा नेवाडाच्या पलीकडे उतरा. तिथे सोन्याच्या खाणीचं ओस गाव आहे, बोडी. आणि तिथून तासाभरावर मोनो लेक.

आधी तारीख, मग हॉटेल. डोंगर ओलांडायच्या सोनोरा आणि टायोगा या दोन्ही खिंडी हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतात, कधीकधी जूनपर्यंत. जुलै ते सप्टेंबर हा काळ बरा. तरी निघायच्या आदल्या दिवशी रस्ता चालू आहे ना, ते बघाच.

जाताना सोनोराचा हायवे १०८, येताना टायोगाचा हायवे १२०. सोनोराचा चढ अंगावर येतो. गाडी लागते त्याला पुढे बसवा, आलेपाक जवळ ठेवा. मुक्काम ब्रिजपोर्टला करा. परतीचा टायोगाचा रस्ता योसेमिटीतून जातो, त्यामुळे पार्कचं प्रवेशशुल्क पडतं. "आलोच आहोत तर व्हॅलीही उरकून घेऊ" असं कुणीतरी म्हणणारच. ऐकू नका.

बोडीला सकाळी पोहोचा, टाकी भरून. हायवे ३९५ वरून हायवे २७० ला वळलं की १३ मैल. त्यातले शेवटचे ३ कच्चे आणि खडखडाटाचे. साधी गाडी जाते, फक्त सावकाश. आत खायला मिळत नाही, पेट्रोल नाही आणि फोनच्या रेंजची आशा नको. दशम्या, चटणी आणि वाटतं त्याच्या दुप्पट पाणी घ्या. गाव सुमारे ८,४०० फुटांवर आहे, सावली जवळजवळ नाही. बाबांना धाप लागली तर घाई न करता बसवा. हृदयाचं दुखणं असेल तर आधीच डॉक्टरांना विचारा. आणि चपला नकोत: जमिनीवर गंजके खिळे आणि काचा पडलेल्या असतात.

इथे १८५९ मध्ये सोनं सापडलं. ज्याच्या नावावरून गाव, तो बॉडी त्याच हिवाळ्यात बर्फाच्या वादळात गेला. १८८० च्या सुमारास इथे हजारोंची वस्ती होती. मग सोनं आटलं, माणसं पांगली, १९३२ च्या आगीत बरंचसं गाव जळालं. उरलेलं १९६२ पासून स्टेट पार्क आहे. घरं पडू नयेत इतकीच डागडुजी होते, नवं रूप दिलं जात नाही. शाळेच्या खिडकीला नाक लावून बघा: बाकं, पृथ्वीचा गोल, सगळ्यावर धूळ. पोरांना विजेची गोष्ट सांगा. १८९० च्या दशकात इथल्या सोन्याचा दगड कुटणाऱ्या गिरणीला १३ मैलांवरून वीज आणली. वळणावर ती तारेतून सांडेल म्हणून तारा नाकासमोर सरळ ओढल्या, अशी दंतकथा आहे.

काहीही उचलायचं नाही, खिळासुद्धा. आमच्या धाकटीच्या खिशात एक निघाला. दोन गल्ल्या मागे जाऊन तिच्याच हातानं जागेवर ठेवला.

उन्हं कलली की मोनो लेकच्या काठावरचं साउथ टुफा. या तळ्यात पाणी येतं, पण बाहेर वाट नाही. ते फक्त वाफ होऊन जातं. म्हणून समुद्राहून दुप्पट-तिप्पट खारट. बोटं बुडवून चोळा, साबणासारखी बुळबुळीत लागतात. तळातल्या झऱ्यांचं कॅल्शियम तळ्यातल्या कार्बोनेटला भेटलं की पाण्याखाली चुनखडीचे मनोरे वाढतात. ते उघडे पडले माणसामुळे: १९४१ पासून लॉस एंजेलिसनं तळ्याला मिळणारे ओढे वळवले आणि पातळी चाळीसेक फूट उतरली. तळं पुन्हा भरू द्यायचा आदेश १९९४ मध्ये निघाला.

काठावर काळा पट्टा दिसेल, त्या माश्या. आईला आधीच सांगून ठेवा की त्या चावत नाहीत. पोरं त्यांच्यात धावत सुटली की पट्टा पुढे पुढे सरकतो. सूर्य डोंगराआड गेला की गारठा झटकन पडतो. शाल गाडीत राहू देऊ नका, पार्किंग वाटतं तितकं जवळ नाही.