नाण्यातली गती: बघताना आणि काढताना या चुका टाळा

नवं नाणं हातात आलं की आपण आधी सन बघतो, मग टाकसाळीची खूण, मग कुठे ओरखडा आहे का ते. चित्राची पाळी शेवटी. पण काही नाण्यांवरचा घोडा उभा राहायलाच तयार नसतो, काहींवरचं वस्त्र अजून फडफडत असतं. अशा नाण्यांच्या नादी लागलेली मंडळी (मीही त्यातलाच) ठरावीक ठिकाणी ठेचकाळतात. नाण्याचं किंवा पदकाचं डिझाइन करणारेही जवळपास तिथेच अडखळतात, म्हणून दोघांच्या चुका एकत्रच घेतो.

गती पायात शोधणं

धावणारे पाय काढले म्हणजे चित्र धावलं, हा सगळ्यात मोठा गैरसमज. इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपास सिराक्यूजमध्ये (सिसिलीतलं ग्रीक शहर) किमोन आणि युआइनेटोस या कोरक्यांनी, म्हणजे साचे कोरणाऱ्यांनी, घडवलेलं चांदीचं डेकाड्राखम, म्हणजे दहा ड्राखमांचं नाणं, बघा. चार घोड्यांचा रथ. पाय मोजायला बसलात तर गुंता होईल, कारण तिथे गती पायांत नाहीच. ती मानांत आहे. चार माना चार उंचीवर, एक पुढे तर एक मागे. सारथी पुढे झुकलेला. वर विजयदेवता नाइके हार घेऊन रथाच्या उलट दिशेने उडत येते, त्यामुळे रथाचा वेग आणखी जाणवतो. या सगळ्या धांदलीखाली एक सरळ आडवी रेघ आणि तिच्याखाली नुसती मांडून ठेवलेली शस्त्रं. ती स्वस्थ आहेत म्हणून वरचे घोडे सुसाट वाटतात. रेघेवर बोट ठेवून बघा, अर्धा वेग गेला!

गुप्त सम्राटांचं सिंहनिहंता (सिंहाला मारणारा राजा) प्रकारातलं सोन्याचं नाणं याच्याही पुढे जातं. त्यावरचा राजा, दुसरा चंद्रगुप्त, एक पाऊलही धावत नाही. धनुष्य ताणताना शरीराला पडलेला बाक, शेल्याची उडालेली टोकं आणि समोरचा सिंह, एवढ्यावर काम भागलं आहे.

डिझाइन अडलं असेल तर त्याची मुख्य चाल पेन न उचलता एका रेघेत काढून बघा. रेघ जमली नाही तर केस, पिसं, घड्या कितीही कोरा, उपयोग नाही.

मोकळी जागा भरून टाकणं

पुढे ढग, मागे तारे, खाली लाटा, उरलेल्या कोपऱ्यात वेल. गती दाखवायची म्हणून हे सगळं येतं आणि तीच गुदमरते. पर्सी मेटकाफने डिझाइन केलेल्या १९२८ सालच्या आयरिश फ्लोरिनवर (दोन शिलिंगांचं नाणं) एक सामन मासा आहे, अक्षरं आहेत आणि बाकी सगळं मोकळं. पाणी काढलेलंच नाही. ते आपण मनाने भरतो, आणि मासा पोहतो.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे स्क्रीनवर वीतभर मोठं करून चित्र पास करणं. ते पंचवीस मिलिमीटरच्या वर्तुळात छापा आणि हातभर अंतरावरून बघा. तेवढ्यावरून काय चाललंय ते कळलं नाही, तर भिंगातून कळून फारसा फायदा नाही.

उठाव (चित्राची पृष्ठभागापासूनची उंची) वाढवला की जोर येतो, असं मानणं

शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्सने अमेरिकेच्या वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्यासाठी जी लिबर्टी (स्वातंत्र्यदेवता) घडवली, ती बाजूने चालत जात नाही, थेट आपल्या अंगावर येते. हे साधायला उठाव लागतोच. पण १९०७ मधल्या पहिल्या, अतिउंच उठावाच्या नमुन्यांवर सगळे बारकावे उमटायला एकेका नाण्यावर साच्याचे नऊपर्यंत ठोके द्यावे लागत. टाकसाळीला एका ठोक्यात नाणं हवं असतं, शिवाय नाणी एकावर एक नीट रचताही आली पाहिजेत. शेवटी मुख्य कोरक्या चार्ल्स बार्बरने उठाव कमी केला, तेव्हा ते नाणं रोजच्या उत्पादनात आलं. सेंट-गॉडन्स तोवर वारला होता. सपाट झालेली लिबर्टी माझ्या मते जरा थिजली, पण घोळाच्या घड्यांनी तिला वाचवलं. उठाव काढून घेतल्यावरही रेषा चालत राहिली पाहिजे, ती अशी.

कच्च्या ठोक्याला झीज समजणं

संग्राहक सगळ्यात जास्त इथे फसतात. अॅडॉल्फ वाइनमनने डिझाइन केलेल्या १९१६ च्या अमेरिकन अर्ध्या डॉलरवर लिबर्टी सूर्याकडे चालली आहे. अंगावर झेंडा, हातात फांद्या. चालीचा सगळा डौल मधोमध आहे, आणि नेमक्या तिथेच मागच्या बाजूला गरुडाचा उंच भाग येतो. दोन्ही साच्यांत एकाच जागी खोल पोकळी असली की धातू दोन्हीकडे पुरत नाही. म्हणून कित्येक नाण्यांवर तिचा हात आणि पायावरच्या घड्या जन्मापासूनच पुसट असतात.

ओळखायचं कसं? नाणं एका दिव्याखाली हळूहळू तिरकं करा. पुसट भागावरूनही चमक अखंड फिरत गेली तर ठोका कच्चा. चमक तिथे येऊन तुटली आणि उंचवट्याचा रंग करडा, मळकट वाटला तर झीज. मागची बाजूही तपासा. समोरासमोरचे दोन्ही भाग पुसट आणि चमक शाबूत, तर संशय ठोक्यावरच घ्या.

साफ करणं

करू नका. मी केलंय. फ्रेंच पदककार ऑस्कर रोटी याने घडवलेली, बी पेरत जाणारी बाई असलेला चांदीचा एक फ्रँक होता, २३ मिलिमीटरचा, जरा काळवंडलेला. खायचा सोडा घेतला, बोटाने चोळला, दोन मिनिटांत नाणं पांढरंशुभ्र. बाई होती तिथेच होती, पण चालायची थांबली होती.

कारण साधं आहे. ठोका बसतो तेव्हा धातू खरोखरच मधून कडेकडे वाहतो. त्या वाहण्याच्या, केसाहून बारीक रेघा साच्यावर पडत जातात आणि नाण्यावर उतरतात. नाणं फिरवलं की त्यांच्यावरून प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. संग्राहक याला कार्टव्हील लस्टर म्हणतात. चोळलं की त्या रेघाच जातात, आणि त्या परत आणायचा कुठलाही उपाय नाही. खाचांतला काळपटपणा गेला की घड्या आणि पाठीमागची जागा एकाच रंगाची होतात, ते वेगळंच नुकसान.

फोटोत नाणं मारणं

समोरून फ्लॅश मारला की घड्या गायब. एकच दिवा घ्या, घड्याळात दहा वाजतात त्या दिशेला, थोडा खाली झुकवून. फोटोत चेहरा उठावाऐवजी खड्ड्यासारखा दिसू लागला तर दिवा बहुतेक खालच्या बाजूला आहे. प्रकाश वरून येतो असं डोळा धरूनच चालतो. तेवढं करूनही समाधान नाही झालं तर नाणं डुलवत दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा.

कॅप्सूलमध्ये (नाणं ठेवायच्या पारदर्शक डबीत) वाकडं बसवणं

हे क्षुल्लक वाटतं, पण नाणं पाच-दहा अंशांनी फिरलं की बेनेडेट्टो पिस्त्रुचीने डिझाइन केलेल्या सॉव्हरिनवरचा (ब्रिटिश सोन्याचं नाणं) घोडा मागच्या पायांवर उठण्याऐवजी पाठीवर आपटायच्या बेतात दिसतो. घोडा डोळ्याने सरळ करायला जाऊ नका, तो फसवतो. त्याच्या पायाखालची जमिनीची रेघ आडवी करा आणि मगच झाकण दाबा.