कर्नल मॉड्यूलचं पॅकेज: आजच्या नाही, उद्याच्या कर्नलसाठी

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि मॉड्यूल म्हणजे त्यात नंतर जोडता येणारा तुकडा, उदाहरणार्थ एखादा ड्रायव्हर. साध्या सॉफ्टवेअरचं पॅकेज एकदा नीट बनलं की वितरणाच्या (डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्स संचाच्या) त्या आवृत्तीत वर्षानुवर्षं चालतं. युजरस्पेसमधला, म्हणजे कर्नलबाहेर चालणारा, जुना प्रोग्राम नव्या कर्नलवर चालत राहावा याची लिनक्समध्ये कसोशीने काळजी घेतली जाते. कर्नलच्या आत मात्र असं काही वचन नाही. फंक्शन, स्ट्रक्चर, मॅक्रो कुठल्याही आवृत्तीत बदलतात, आणि बिल्ड झालेली केओ फाइल (मॉड्यूलची तयार फाइल) ज्या कर्नलसाठी बनवली त्याच्याशीच जुळते. त्यामुळे पॅकेज करताना प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट विचारायची: हे मॉड्यूल नेमकं कोणत्या कर्नलसाठी बनतंय? बहुतेक बिघाडांचं मूळ या प्रश्नाच्या चुकलेल्या उत्तरात असतं.

हेडर आणि कंपायलर

मॉड्यूल बनवायला कर्नलचा पूर्ण सोर्स लागत नाही. त्या कर्नलचे हेडर (फंक्शन आणि स्ट्रक्चरच्या घोषणांच्या फाइली), त्याची कॉन्फिग फाइल, बिल्डच्या स्क्रिप्ट आणि कर्नल मॉड्यूलांना वापरू देतो त्या सिम्बॉलची (फंक्शन-व्हेरिएबलच्या नावांची) यादी असलेली मॉड्यूल.सिमव्हर्स ही फाइल एवढं पुरतं. डेबियन आणि उबुंटूत हे सगळं लिनक्स-हेडर्स या नावाच्या, पुढे कर्नलची पूर्ण आवृत्ती जोडलेल्या पॅकेजात येतं. आर्चवर ते नुसतं लिनक्स-हेडर्स असतं, तर फेडोरात कर्नल-डेव्हेल. फेडोरात कर्नल-हेडर्स नावाचंही पॅकेज आहे, पण ते युजरस्पेसचे प्रोग्राम कंपाइल करण्यासाठी असतं. मॉड्यूलसाठी त्याचा काही उपयोग नाही, आणि नवखे लोक हमखास तेच बसवतात.

डेबियनवर एका ठरावीक आवृत्तीचे हेडर बसवून थांबू नका. लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ हे मेटापॅकेज बसवा, म्हणजे कर्नल अपडेट झाला की हेडरही सोबत येतात.

हेडर जागेवर आहेत का हे तपासायला /लिब/मॉड्यूल्स खाली त्या आवृत्तीच्या डिरेक्टरीतली 'बिल्ड' ही लिंक पाहा. लिंक आहे पण ती जिकडे बोट दाखवते तिथे काहीच नाही, तर हेडर बसलेले नाहीत. अपडेटनंतर मशीन रीबूट केलं नसेल तर आणखी एक गोंधळ होतो: हेडर नव्या कर्नलचे आणि चालू कर्नल जुना.

कर्नल ज्या कंपायलरने बनला तोच वापरा. /प्रॉक/व्हर्जन वाचलं की तो कळतो. कर्नल क्लँगने बनलेला असेल तर मेकला (बिल्ड चालवणाऱ्या आज्ञेला) एलएलव्हीएम=१ द्यावं लागतं, नाहीतर जीसीसी अनोळखी पर्यायांवर अडखळतो. बीटीएफ (डीबगसाठीची टाइपची माहिती) वगळल्याची सूचना स्क्रीनवर आली तर घाबरू नका. व्हीएमलिनक्स ही पूर्ण कर्नलची फाइल हाताशी नाही एवढाच तिचा अर्थ, मॉड्यूल ठीक असतं.

केबिल्ड फाइल

केबिल्ड ही कर्नलची बिल्ड यंत्रणा. काय बनवायचं हे तिला सांगणाऱ्या फाइलीत दोन ओळींत काम होतं. पहिलीत 'ओबीजे-एम' ला मॉड्यूलचं नाव द्यायचं, समजा सेन्सर.ओ. मॉड्यूल अनेक सी फाइलींचं असेल तर दुसरीत 'सेन्सर-वाय' ला त्या फाइलींची ऑब्जेक्ट द्यायची. या यादीत सेन्सर.ओ स्वतः असता कामा नये. सेन्सर.सी नावाची फाइल असेल तर तिचं नाव बदला, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकाच ऑब्जेक्टच्या नावावर हक्क सांगू लागतात.

बिल्ड चालवताना मेकला मोठ्या सी च्या पर्यायाने कर्नलची बिल्ड डिरेक्टरी द्यायची आणि 'एम=' मध्ये आपल्या सोर्सची. जुन्या मेकफाइलींत 'एम' च्या जागी 'सबडिर्स' दिसतं. ते कर्नल ५.३ पासून चालत नाही. कंपायलरचे जादा पर्याय 'सीसीफ्लॅग्ज-वाय' मध्ये लिहा. 'एक्स्ट्रा_सीफ्लॅग्ज' ही जुनी पद्धत ६.१५ मध्ये काढून टाकली, आणि याचा त्रास जास्त, कारण मेक तक्रार करत नाही. पर्याय गुपचूप गळून पडतात आणि हेडर सापडत नाही अशी भलतीच चूक समोर येते.

सगळ्यात महत्त्वाची ओळ मात्र कर्नलची आवृत्ती ठरवणारी. बहुतेक मेकफाइलींत ती थेट 'युनेम -आर' वरून घेतलेली असते. हे पॅकेजसाठी घातक आहे. युनेम चालू कर्नल सांगतो. स्वच्छ क्रूटमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या केलेल्या डिरेक्टरीत) किंवा कंटेनरमध्येही तो यजमान मशीनचाच कर्नल सांगतो, ज्याचे हेडर आत नसतात. म्हणून आवृत्तीसाठी एक व्हेरिएबल ठेवा आणि त्याला '?=' ने मूल्य द्या. बाहेरून आवृत्ती दिली तर ती चालेल, नाही दिली तरच युनेमचं उत्तर वापरलं जाईल. मूळ प्रकल्पाची मेकफाइल तसं करत नसेल तर पॅच लावा आणि तो प्रकल्पाकडेही पाठवा.

इन्स्टॉल करताना

युजरस्पेसच्या सॉफ्टवेअरला जसं 'डेस्टडिर' तसं मॉड्यूल्स_इन्स्टॉलला 'इन्स्टॉल_मॉड_पाथ': फाइली कोणत्या मूळ डिरेक्टरीखाली ठेवायच्या ते यातून ठरतं. सोबत 'इन्स्टॉल_मॉड_डिर' (आतली उपडिरेक्टरी) स्वतः लिहून द्या. त्याचं आपसूक मूल्य पूर्वी 'एक्स्ट्रा' होतं, नंतर 'अपडेट्स' झालं. फरक किरकोळ वाटतो, पण तसा नाही. कर्नलमध्ये आधीपासून त्याच नावाचं मॉड्यूल असेल तर कोणतं उचलायचं हे डेपमॉडचा (मॉड्यूलांची यादी आणि अवलंबनं नोंदवणाऱ्या आज्ञेचा) शोधक्रम ठरवतो. डेबियनच्या क्रमात 'अपडेट्स' आधी येतं, 'एक्स्ट्रा' ला तिथे वेगळं प्राधान्य नाही. फेडोरात दोन्ही अंगभूत मॉड्यूलच्या आधी येतात.

पॅकेज बिल्ड होत असताना डेपमॉड चालू देऊ नका. मेकला 'डेपमॉड=ट्रू' द्या, म्हणजे त्याच्या जागी काहीच न करणारी 'ट्रू' ही आज्ञा चालते. नाहीतर मॉड्यूल्स.डेप आणि तिच्या भावंड फाइली तुमच्या पॅकेजात शिरतात आणि बसवताना कर्नलच्या फाइलींशी टक्कर होते. डेपमॉड चालवायचं ते वापरणाऱ्याच्या मशीनवर, पॅकेज बसल्यानंतर.

तयार केओ द्यायची की सोर्स?

कर्नलचा इंटरफेस जपणारं वितरण असेल तर तयार फाइल द्या. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्समध्ये ठरावीक सिम्बॉलची यादी स्थिर ठेवली जाते, आणि वीक-मॉड्यूल्स ही स्क्रिप्ट एकदा बनलेलं मॉड्यूल जुळणाऱ्या इतर कर्नलांना लिंक करून देते. फेडोराच्या अधिकृत भांडारात बाहेरची मॉड्यूलं घेतच नाहीत. आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातली अकमॉड पॅकेजं वापरणाऱ्याच्या मशीनवर आरपीएम (फेडोराच्या पद्धतीचं पॅकेज) बनवतात. बाकी बहुतेक ठिकाणी डीकेएमएस (सोर्स देऊन वापरणाऱ्याच्या मशीनवर मॉड्यूल बिल्ड करणारी व्यवस्था) हाच मार्ग, आणि आमच्या मते जिथे कर्नल दर काही आठवड्यांनी बदलतो तिथे तोच योग्य.

डीकेएमएस नीट लावणं

डेल कंपनीत सुरू झालेली ही व्यवस्था सोर्स /यूएसआर/एसआरसी खाली नाव-आवृत्ती अशा डिरेक्टरीत ठेवते आणि प्रत्येक नव्या कर्नलसोबत मॉड्यूल पुन्हा बिल्ड करते. डीकेएमएस.कॉन्फ मध्ये पॅकेजचं नाव, आवृत्ती, बनणाऱ्या मॉड्यूलचं नाव, ते कुठे जाईल ती जागा आणि 'ऑटोइन्स्टॉल' ला 'येस' एवढं लागतं. जागा लिहावी लागते, तरी डेबियन, उबुंटू, फेडोरा, आर्च तिच्याकडे दुर्लक्ष करून आपापल्या ठरलेल्या डिरेक्टरीत मॉड्यूल ठेवतात.

'मेक' च्या ओळीत डीकेएमएसने पुरवलेलं 'कर्नलव्हर' हे व्हेरिएबलच वापरा. कर्नल अपडेट होताना जुना कर्नल चालू असतो आणि बिल्ड नव्यासाठी हवा असतो. युनेम ठेवलात तर मॉड्यूल जुन्या कर्नलसाठी बनेल, नव्याच्या डिरेक्टरीत जाईल आणि रीबूटनंतर 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणून नाकारलं जाईल. बिल्ड यशस्वी दिसतो, म्हणून हा दोष शोधायला वेळ लागतो.

बिल्ड फसण्याचा परिणाम तुमच्या मॉड्यूलपुरता राहत नाही. डेबियन कुळातल्या वितरणांत कर्नल पॅकेजच्या बसवणीनंतरच्या टप्प्यात डीकेएमएस चालतं. तिथे त्रुटी परत आली की कर्नलचं पॅकेजच अर्धवट राहतं. म्हणजे एका वेबकॅमच्या ड्रायव्हरपायी कोणाचा तरी सुरक्षा अपडेट अडकतो. ही जबाबदारी पॅकेज बनवणाऱ्याने गंभीरपणे घ्यावी. डीकेएमएस ३ च्या मालिकेत 'बिल्ड_एक्सक्लुझिव्ह_कर्नल_मॅक्स' आणि तसंच '_मिन' आहे. मॉड्यूल ज्या कर्नलपर्यंत चालतं हे माहीत आहे ती मर्यादा तिथे लिहा. मग त्यापुढच्या कर्नलवर बिल्ड वगळला जातो.

डेबियन पॅकेजात बिल्ड-डिपेंड्समध्ये डीएच-सिक्वेन्स-डीकेएमएस घाला. डेबियन डिरेक्टरीत पॅकेजच्या नावाची, .डीकेएमएस शेपटीची फाइल ठेवा आणि आवृत्तीच्या जागी '#मॉड्यूल_व्हर्जन#' लिहा, म्हणजे चेंजलॉगशी ती आपोआप जुळेल. आत फक्त सोर्स असल्याने आर्किटेक्चर 'ऑल'. काढताना सोर्स पुसण्याआधी डीकेएमएसमधून नोंद काढावी लागते, ते काम डीएच_डीकेएमएसने तयार केलेल्या स्क्रिप्ट करतात. हाताने लिहायला जाऊ नका.

आधी स्ट्रिप, मग सही, मग कॉम्प्रेस

स्ट्रिप म्हणजे फाइलीतली जादा माहिती काढणं, सही म्हणजे फाइल खरी असल्याची किल्लीने केलेली खूण. हा क्रम मोडला की मॉड्यूल चढत नाही. सही केओ फाइलच्या शेवटी चिकटवलेली असते. नंतर स्ट्रिप केलं तर ती उडून जाते. आरपीएमची स्ट्रिप पायरी '%इन्स्टॉल' नंतर आपोआप चालते, तेव्हा त्या विभागात केलेली सही व्यर्थ जाते. स्ट्रिपही फक्त डीबग माहितीपुरतं करा. पर्याय न देता चालवलं तर सिम्बॉल टेबल जातं आणि कर्नल मॉड्यूल घ्यायला नकार देतो. एक्सझेडने कॉम्प्रेस करत असाल तर तपासबेरीज (चेकसम) सीआरसी३२ ठेवा. कर्नलमधल्या एक्सझेड डीकोडरचा भर तिच्यावर आहे, एक्सझेड आज्ञेचं आपसूक मूल्य वेगळं असतं.

सिक्युअर बूट (फक्त मान्य सहीचा कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं उत्तर येऊ शकतं. म्हणजे एकतर सही नाही, किंवा आहे पण कर्नलला ती मान्य नाही. डीकेएमएस त्या मशीनवरच स्वतःची किल्ली बनवून सही करतं, पण ती किल्ली मोकयुटिल या आज्ञेने नोंदवून पुढच्या रीबूटला निळ्या स्क्रीनवर मान्य करावी लागते. हे काम पॅकेज परस्पर करू शकत नाही, तेव्हा पॅकेजच्या वर्णनातच स्पष्ट सांगा. खासगी किल्ली पॅकेजात कधीही टाकू नका.

कर्नलच्या बदलांशी जुळवून घेताना

नमुन्यादाखल काही बदल: ५.० मध्ये ॲक्सेस_ओके चा पहिला आर्ग्युमेंट गेला. ५.६ मध्ये प्रॉकच्या फाइलींसाठी प्रॉक_ऑप्स आलं. ६.४ मध्ये क्लास_क्रिएट ला धिस_मॉड्यूल देणं बंद झालं. ६.११ मध्ये प्लॅटफॉर्म ड्रायव्हरच्या रिमूव्हने काही परत करायचं थांबलं. लोक अशा ठिकाणी आवृत्तीच्या आकड्यावर अट लावतात. मूळ कर्नलवर ते चालतं, वितरणाच्या कर्नलवर नेहमी नाही. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स (आरएचईएल) ९ चा कर्नल नावाला ५.१४ आहे, पण पुढच्या आवृत्त्यांमधलं पुष्कळ काही त्यात मागे आणलेलं आहे. शक्य असेल तिथे बिल्डच्या सुरुवातीला छोटी सी फाइल कंपाइल करून तपासा की फंक्शन कोणत्या रूपात आहे. आणि '-डब्ल्यूएरर' पॅकेजमधून काढा. नव्या कंपायलरच्या एका इशाऱ्यावर सगळा बिल्ड थांबण्यात वापरणाऱ्याचा काही फायदा नाही.

तपासणी

स्वच्छ क्रूटमध्ये बिल्ड करा: डेबियनला एसबिल्ड, फेडोराला मॉक, आर्चला मेकक्रूटपीकेजी. डीकेएमएसला छोट्या के पर्यायाने आवृत्ती देऊन किमान दोन कर्नलांसाठी बिल्ड चालवा, त्यातला एक चालू नसलेला. फसलं तर /व्हार/लिब/डीकेएमएस खाली मेक.लॉग वाचा, तेही वरून: पहिली चूकच खरी असते, बाकीच्या तिच्या मागून येतात.

मग मॉडइन्फोने व्हरमॅजिक (मॉड्यूलमध्ये नोंदलेली कर्नलची आवृत्ती) लक्ष्य कर्नलशी ताडून पाहा. व्हर्च्युअल मशीनमध्ये मॉडप्रोबने मॉड्यूल चढवा. इन्समॉड नको, तो अवलंबित मॉड्यूलं आणत नाही आणि 'अननोन सिम्बॉल' ची फसवी तक्रार येते. डीमेसेग (कर्नलचे संदेश) वाचा. मॉड्यूल कर्नलच्या झाडाबाहेरचं असल्याची टेंट नोंद तिथे दिसेल, ती अपेक्षितच आहे.

बूटच्या वेळी लागणारं मॉड्यूल असेल तर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरला जाणारा फाइलींचा संच) ताजं करा, नाहीतर डिस्कवर नवी फाइल असूनही जुनी प्रत चढत राहते. डेबियनवर अपडेट-इनिटरॅमएफएस, फेडोरावर ड्रॅकट, आर्चवर एमकेइनिटसीपीआयओ. शेवटी पॅकेज काढून पाहा: प्रत्येक कर्नलच्या डिरेक्टरीतून केओ गेली पाहिजे, डीकेएमएस स्टेटसमध्ये नाव राहता कामा नये, आणि कर्नलचं स्वतःचं त्याच नावाचं मॉड्यूल असेल तर मॉडइन्फोने आता त्याचा पत्ता दाखवला पाहिजे.