थंडर बसवताना आधी संपादकांच्या शेजारी बसा

थंडर हे ड्रुपलवर, म्हणजे संकेतस्थळाचा मजकूर सांभाळणाऱ्या प्रणालीवर उभं केलेलं, प्रकाशनसंस्थांसाठीचं तयार वितरण (आधीच जुळवून दिलेला संच). ह्यूबर्ट बुर्डा मीडिया या जर्मन माध्यमसमूहानं 2016 साली ते सर्वांसाठी खुलं केलं. कंपोजरनं (पीएचपीचे सॉफ्टवेअर-भाग उतरवणारं साधन) प्रकल्प उतरवा, डेटाबेस जोडा, ब्राउझरमध्ये इन्स्टॉलर चालवा. इथवर सोपं आहे.

पुढे घाई नको. पहिल्या खेपेला मी पॅराग्राफचे, म्हणजे लेख ज्यांतून जुळवतात त्या तुकड्यांचे, चौदा प्रकार केले. संपादकांनी वापरले चारच: मजकूर, छायाचित्र, अवतरण, व्हिडिओ. आता मी त्यांच्याकडून एक जुना लेख नव्या फॉर्ममध्ये भरून घेतो. हात जिथे अडखळतो ते फील्ड काढतो, नाहीतर त्याखाली मदतीची ओळ लिहितो. हा तासभर मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

मसुद्यापासून प्रकाशनापर्यंतचे टप्पे, परवानग्या चाचणी सर्व्हरवरच ठरवा. मग ड्रशनं (ड्रुपलचं कमांड-लाइन साधन) कॉन्फिगरेशन, म्हणजे या सगळ्या मांडणीच्या फाइल्स, एक्स्पोर्ट करून गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन) ठेवा.