मॅग्नोलियाची लागवड आणि निगा
मॅग्नोलिया लावताना सर्वांत जास्त विचार जागेचा करावा, कारण या झाडाची मुळे जाड, मांसल आणि ठिसूळ असतात, ती जमिनीच्या वरच्या थरातच दूरवर पसरतात आणि तुटली की फार सावकाश भरून येतात. रुजलेले झाड दुसरीकडे हलवणे त्याच्या जिवावर बेतू शकते. मॅग्नोलियाच्या जातींपैकी सदाहरित ग्रँडिफ्लोरा 20 मीटरपेक्षाही उंच होतो, तर पानझडी स्टेलाटा साधारण 3 मीटरवर थांबतो. बियांपासून वाढवलेला ग्रँडिफ्लोरा फुलायला 10 वर्षे किंवा त्याहून अधिक काळ घेऊ शकतो, म्हणून कलमी रोपच घ्यावे.

भुसभुशीत, निचऱ्याची आणि किंचित आम्लधर्मी जमीन, म्हणजे सामू (पीएच) 5.5 ते 6.5 असलेली, या झाडाला मानवते. चुनखडीच्या जमिनीत मुळांना लोह मिळत नाही आणि शिरा हिरव्या राहून मधले पान पिवळे पडते. खड्डा ऐसपैस रुंद असावा, पण मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यापेक्षा खोल नसावा. खोड कुंडीत जेवढे मातीबाहेर होते, तेवढेच जमिनीतही बाहेर राहिले पाहिजे. लागवडीनंतर बुंध्याभोवती कुदळ किंवा खुरपे चालवू नये, तण हातानेच उपटावे. पालापाचोळ्याचे 5 ते 8 सेंटिमीटर जाडीचे आच्छादन ओल टिकवते, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडू देऊ नये.

छाटणी अगदी बेताची करावी. वसंतात फुलणाऱ्या पानझडी जातींच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात. निष्पर्ण फांदीच्या टोकाशी राखाडी, मऊ लवेने झाकलेली फुगीर कळी हिवाळाभर दिसते. हिवाळ्यात छाटणी केली की येणारी फुलेच कापली जातात, म्हणून या जातींची छाटणी बहर ओसरल्यावर लगेच उरकावी. कडक थंडीच्या प्रदेशात सकाळचे ऊन थेट पडणारी जागा टाळावी, कारण गोठलेल्या कळ्या उन्हाने एकदम वितळल्या की पाकळ्या तपकिरी पडतात.

पाने चिकट व काळपट दिसू लागली आणि फांद्यांवर मुंग्यांची रांग लागली, तर खवले कीड, म्हणजे फांद्यांना खवल्यांसारखी चिकटून रस शोषणारी कीड, शोधावी. सुरुवातीलाच ती मऊ ब्रशने घासून काढावी, आणि प्रादुर्भाव वाढल्यास कडुनिंबाच्या तेलाची फवारणी ऊन उतरल्यावर करावी.