दोन सायकलींची तुलना करायची? आधी पेडल सारखे करा

मी भोसरीत टर्नर आहे, दिवसभर लेथवर आटे पाडतो. रविवारी मात्र पहाटे मेहुण्याबरोबर बोपदेव घाट चढून कानिफनाथाच्या बाजूच्या मुरमाड वाटांवर असतो. त्याची नवी २९ इंची चाकांची एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल, माझी सहा वर्षं जुनी साडेसत्तावीस. दोन्ही हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेल्या, दोन्ही मीडियम फ्रेम. चहाच्या टपरीवर त्याचं एकच पालुपद असायचं : "दाजी, तुमची सायकल चढाला जड आहे." मलाही तसंच वाटायला लागलं होतं. मग एकदा त्याची सायकल मागून घेतली, तेव्हा लक्षात आलं की आम्ही सायकलींची तुलना करतच नव्हतो. त्याच्या सायकलला पिनांचे रुंद फ्लॅट पेडल होते. माझ्या सायकलला दुकानातून आलेले प्लास्टिकचे, कडा झिजलेले. चढाला दगडावर चाक उडालं की माझा पाय घसरायचा आणि लय तुटायची. दोष मी फ्रेमला देत होतो.

तेव्हापासून आम्ही ज्या पद्धतीने तुलना करतो, ती सांगतो.

माणूस एक, बूट एक, पेडलची जोडी एक आणि वाट एक. वाट लहान निवडा, दहा-बारा मिनिटांची. तिच्यात एक चढ, एक दगडी उतार आणि एक अवघड वळण हवंच. टायरची हवा गेजने मोजून दोन्हींत सारखी भरा. अंगठ्याने दाबून अंदाज नको. माझं वजन ७२ किलो, ट्यूबचे सव्वादोन इंची टायर आहेत, मी पुढे ३० आणि मागे ३२ पीएसआय ठेवतो.

सीटची उंची मोजताना बहुतेकांचं चुकतं. क्रँक, म्हणजे पेडल ज्याला बसतं तो दांडा, सीट-ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) रेषेत खाली आणा आणि पेडलच्या वरच्या पृष्ठभागापासून सीटच्या माथ्यापर्यंत माप घ्या. बॉटम ब्रॅकेटपासून, म्हणजे क्रँक जिथे फिरते त्या मधल्या सांध्यापासून, घेऊ नका, कारण पेडलची जाडी वेगवेगळी असते. माझे जुने पेडल व्हर्नियरने २८ मिलिमीटर भरले, नवे १७. पेडलचा आस, म्हणजे ज्या दांड्यावर ते फिरतं तो, जाडीच्या मध्यावर असतो, म्हणून नुसते पेडल बदलले की पाय फरकाच्या निम्मा, साडेपाच मिलिमीटर खाली जातो. तेवढी सीट खाली घेतली नाही तर गुडघ्यामागे ओढ बसते, आणि 'ही सायकल मला बसत नाही' असं वाटायला लागतं.

आता पेडल काढणं. दोन्ही बाजूंचे आटे ९/१६ इंच व्यासाचे, इंचाला २० आटे. लहान मुलांच्या काही सायकलींना अर्धा इंच असतो, तो वेगळा. उजवं पेडल नेहमीच्या आट्यांचं, डावं उलट्या आट्यांचं. पेडल मारताना पायाचा दाब आसाभोवती फिरत राहतो, त्यामुळे आस भोकात हळूहळू उलट दिशेला सरकू पाहतो. डावीकडे साधे आटे असते तर पेडल चालता-चालता सैल झालं असतं.

डावं-उजवं घोकत बसू नका. पाना वर उभा धरा. त्याचं टोक मागच्या चाकाकडे गेलं की पेडल सुटतं, पुढच्या चाकाकडे गेलं की आवळतं. दोन्ही बाजूंना हाच नियम, क्रँकच्या आतून ॲलन की लावली तरी हाच.

१५ नंबरचा लांब पाना घ्या. आतून षट्कोनी खाच असेल तर ६ किंवा ८ ची ॲलन की. चेन पुढच्या सर्वांत मोठ्या चक्रावर चढवा, म्हणजे हात निसटला तर दात बोटांत घुसणार नाहीत. दुसऱ्याला ब्रेक धरायला सांगा. क्रँक पुढे आडवी, पाना मागच्या चाकाच्या दिशेने आडवा. एका हाताने पेडल खाली दाबा, दुसऱ्याने पाना खाली दाबा. हलत नसेल तर गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर थांबा. लगेच पाइप घालून जोर लावू नका.

बसवताना आसाच्या टोकावरचं एल किंवा आर वाचा, आटे फडक्याने पुसा आणि ग्रीस लावा. पहिले चार-पाच फेरे फक्त बोटांनी. पाना अजिबात नाही. मी हे कळकळीने सांगतोय, कारण एका दुकानात माझं डावं पेडल तिरकं धरून थेट पान्याने कोंबलं गेलं होतं. घरी येऊन बघतो तर भोकाच्या तोंडाशी चांदीसारखा चकचकीत कीस. आस स्टीलचा, क्रँक ॲल्युमिनियमची. अशा वेळी नेहमी ॲल्युमिनियमच जातं. उलट्या आट्यांचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मागवून मी स्वतः स्टीलचं बुश, म्हणजे आटे असलेली नळी, बसवलं, म्हणून क्रँक वाचली. बोटांना अडखळ जाणवली की मागे फिरवा आणि पुन्हा सरळ धरून सुरुवात करा. शेवटी ३५ ते ४० न्यूटन मीटर, म्हणजे हातभर पान्यावर एका हाताचा नेटका जोर.

नवे पेडल घ्यायचेच असतील तर नायलॉनचे, मधे किंचित खोलगट आणि बदलता येणाऱ्या धातूच्या पिनांचे घ्या. आपल्या दगडांवर ते आपटले तरी घसरून पुढे जातात. दुकानात बोटाने फिरवून 'किती मोकळं फिरतं' बघण्यात अर्थ नाही. नवे सीलबंद बेअरिंग जरा घट्टच फिरतात, पायाला ते कळतही नाही. आस धरून पेडल वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर नको. क्लिपचे, म्हणजे बूट पेडलमध्ये अडकून बसतो ते, शिमानोने १९९० मध्ये आणलेल्या एसपीडी पद्धतीचे, मीही वापरून बघितले. खडबडीत वाटेवर पाय जागेवर राहतो हे खरं. पण पावसाळ्यात बुटाच्या तळाच्या क्लीटमध्ये (पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्यात) काळी माती बसली की पाय लागता लागत नाही.

एकाच जोडीने दोन्ही सायकली फिरवल्या तेव्हा चढाचा फरक जवळपास राहिलाच नाही. उरला तो चाकांचा. २९ दगडांवरून सहज वाहून जाते, माझी साडेसत्तावीस अवघड वळणात चटकन वळते. मेहुण्याने दोन वेळा करून बघितलं आणि मान्य केलं.

पेडल बदलल्यावर दहाएक किलोमीटर चालवा आणि दोन्ही बाजूंना पुन्हा एकदा पाना लावून बघा. कुठलं सैल वाटलं तर थोडं आवळा.