मोजक्या पैशांत घरचा संगणक कसा निवडावा: सोलापूरकरांसाठी मार्गदर्शन

जून महिन्यात शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशांची धावपळ सुरू झाली की सोलापुरातल्या अनेक घरांत संगणकाचा विषय निघतो आणि "वीस-पंचवीस हजारांत कोणता येईल?" हा प्रश्न थेट दुकानदाराला विचारला जातो. तेथे मिळणारे उत्तर बहुतेक वेळा दुकानात कोणता माल पडून आहे यावर ठरते. त्याऐवजी आपली गरज आणि रकमेची विभागणी घरीच कागदावर मांडून मग बाजारात गेल्यास तेवढ्याच पैशांत चार-पाच वर्षे बिनतक्रार चालणारा संगणक मिळू शकतो. पुढील मार्गदर्शन साधारण १५ ते ३० हजार रुपये खर्च करू शकणाऱ्या कुटुंबासाठी आहे.

आधी कामांची यादी करा

घरातील कोण, कोणत्या कामासाठी आणि दिवसातून किती वेळ संगणक वापरणार आहे, हे लिहून काढावे. ऑनलाइन तास, पीडीएफ वाचणे, प्रकल्प अहवाल तयार करणे, अर्ज भरणे आणि एमएस-सीआयटीचा सराव एवढीच कामे असतील तर त्यांना फार शक्तिशाली यंत्र लागत नाही. घरातील कोणी व्यापाऱ्याकडे हिशेब लिहीत असेल आणि टॅली वापरत असेल, तर विंडोज अनिवार्य ठरते, कारण टॅली विंडोजवरच चालते. चादरी आणि टॉवेलांची डिझाइने करणाऱ्यांना कोरलड्रॉ किंवा फोटोशॉपसारखी सॉफ्टवेअर लागतात, तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ऑटोकॅडची गरज पडते, आणि या दोन्ही कामांसाठी १६ जीबी रॅम (काम चालू असताना लागणारी तात्पुरती स्मृती) गृहीत धरावी. भारी गेम खेळण्याची हौस या रकमेत भागत नाही, हे मुलांना आधीच स्पष्ट सांगितलेले बरे.

रक्कम संपूर्ण टेबलासाठी आहे, हे लक्षात ठेवा

अनेक जण सगळी रक्कम मुख्य संगणकावर खर्च करतात आणि मग मॉनिटर कोणाचा तरी जुना आणतात, यूपीएस "पुढच्या महिन्यात" घ्यायचा ठरवतात आणि इंटरनेटसाठी मोबाइल तारेने जोडून बसतात. माझ्या मते साधारण निम्मी रक्कम मुख्य संगणकासाठी, पाव भाग मॉनिटरसाठी आणि उरलेला पाव भाग यूपीएस, कीबोर्ड, माउस, वेबकॅम, वाय-फायची यूएसबी पट्टी आणि एक-दीड हजारांची शिल्लक यांसाठी ठेवावा. भाव विचारताना तो जीएसटीसह आहे की जीएसटीशिवाय, हेही तेव्हाच विचारावे, कारण संगणकावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तोंडी सांगितलेला भाव पुष्कळदा त्याशिवायचा असतो.

लॅपटॉप, डेस्कटॉप की मिनी पीसी

रोज बाहेर न्यायचा नसेल तर या रकमेत डेस्कटॉपच घ्यावा. स्वस्तातल्या नव्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी साठवण (बोर्डावरच पक्की बसवलेली संथ चिप) असते, रॅम मदरबोर्डला (मुख्य सर्किट पट्टीला) डाग देऊन पक्की बसवलेली असते आणि सेलेरॉन जातीचा दोन कोअरचा (काम करणाऱ्या गाभ्यांचा) प्रोसेसर असतो. असे यंत्र पहिल्या वर्षीच विंडोजच्या अपडेटखाली दमते आणि त्यात नंतर काही वाढवताही येत नाही. जागेची अडचण मात्र खरी आहे. रे नगरच्या घरांत किंवा पूर्व भागातील एक-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मोठे कॅबिनेट ठेवणे अवघड जाते. तेथे मॉनिटरच्या पाठीमागे बसवता येणारा मिनी पीसी हा उत्तम मार्ग आहे.

नवा की कार्यालयातून निघालेला

या रकमेत सर्वांत जास्त मोल देणारा पर्याय म्हणजे मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून बदललेले ब्रँडेड डेस्कटॉप. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क व एलिटडेस्क आणि लेनोवो थिंकसेंटर ही त्यातील नेहमीची नावे. ही यंत्रे कार्यालयात दिवसभर चालण्यासाठी बनवलेली असतात आणि त्यांचा मदरबोर्ड व वीजपुरवठा भक्कम असतो. शिवाय मूळ यंत्राबरोबर विंडोजचा परवाना आलेला असेल तर त्याची खूण मदरबोर्डमध्येच साठवलेली असते, त्यामुळे त्याच आवृत्तीचे विंडोज पुन्हा टाकले तरी ते आपोआप सक्रिय होते.

त्यांच्या अडचणीही माहीत असाव्यात. एसएमपीएसची (वीजपुरवठ्याच्या डब्याची) जोडणी कंपनीची स्वतःची असते, म्हणून तो जळाल्यास बाजारातला कोणताही एसएमपीएस बसत नाही. काही मॉडेलांत मॉनिटरच्या तारेसाठी एचडीएमआय नसून फक्त डिस्प्लेपोर्ट असते, त्यामुळे जोडणीसाठी वेगळा अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागतो. वाय-फाय बहुधा नसतेच.

याउलट "नवा असेंबल्ड, आय५, ८ जीबी, ५१२ एसएसडी" अशी पाटी पाहून भुलू नये. त्यातील कॅबिनेट, एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) आणि खोक्यातला एच६१ मदरबोर्ड खरोखर नवे असू शकतात. परंतु त्या बोर्डावर बसणारे प्रोसेसर इंटेलच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचे, म्हणजे २०११-१२च्या काळातले असतात आणि ते जुन्या यंत्रांतून काढलेले असतात. चमकदार दिव्यांच्या कॅबिनेटमध्ये बसवले म्हणून त्यांचे वय कमी होत नाही. खरोखर नवाच घ्यायचा असेल तर इंटेल एन१०० प्रोसेसर असलेला मिनी पीसी पाहावा. २०२३मध्ये आलेला हा चार कोअरचा प्रोसेसर अभ्यास, कार्यालयीन काम आणि व्हिडिओसाठी पुरेसा आहे आणि वीज फार कमी घेतो.

प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक वाचा

"आय५ आहे" किंवा "आय७ आहे" एवढ्या सांगण्याला काही अर्थ नाही. डॅशनंतरचा आकडा पाहावा. आय५-८५०० म्हणजे आठवी पिढी, आय३-९१०० म्हणजे नववी, आणि पुढे आकडा पाच अंकी झाला की पहिले दोन अंक पिढी सांगतात, म्हणजे आय३-१०१०० दहावी आणि आय५-१२४०० बारावी. इंटेलसाठी आठवी पिढी ही खरेदीची खालची सीमा समजावी. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११साठी अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनचेच इंटेल कोअर प्रोसेसर मान्य केले आहेत आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिपही बंधनकारक ठेवली आहे, तर विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जुन्या पिढीवर विंडोज ११ आडमार्गाने टाकून देणारे दुकानदार भेटतात, परंतु पुढच्या मोठ्या अपडेटला ते यंत्र अडले तर तो दुकानदार जबाबदारी घेत नाही.

पिढीचा फरक किती असतो, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. २०१२चा आय७-३७७० आणि २०१७च्या अखेरीस आलेला आय३-८१०० यांची कामाची ताकद जवळपास सारखी आहे. असे असताना केवळ "आय७" या नावासाठी जास्त पैसे मोजले जातात, आणि ज्याला जास्त पैसे मोजले त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. एएमडीच्या बाबतीत रायझेन ३ ३२००जी किंवा त्यानंतरचा प्रोसेसर घ्यावा. २२००जी आणि २४००जी हे दिसायला जवळचे असले तरी विंडोज ११च्या यादीत नाहीत.

रॅम आणि साठवण

हार्ड डिस्कवर विंडोज चालवण्याचे दिवस संपले. विंडोजसाठी २५६ जीबीची एसएसडी असावीच. फोटो आणि व्हिडिओंसाठी जुनी हार्ड डिस्क सोबत दुसरी म्हणून ठेवली तर हरकत नाही. रॅम किमान ८ जीबी घ्यावी आणि दुसरा स्लॉट मोकळा आहे ना, हे झाकण उघडून पाहावे. २०२५च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने रॅमचे भाव जगभर चढले आहेत. त्यामुळे "आत्ता ४ जीबी घ्या, पुढे स्वस्तात वाढवू" हा जुना सल्ला आता चालत नाही. वापरलेल्या यंत्रात आधीपासून १६ जीबी डीडीआर४ जातीची रॅम असेल आणि फरक हजार-दीड हजारांचा असेल, तर तो फरक देऊन टाकावा.

मॉनिटर

२२ ते २४ इंची, १९२० बाय १०८० रेझोल्यूशनचा आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग न बदलणाऱ्या पडद्याचा) मॉनिटर घ्यावा. घरातला ३२ इंची एचडी-रेडी टीव्ही जोडून काम भागवता येते खरे, पण त्याचे रेझोल्यूशन साधारण १३६६ बाय ७६८ असते आणि जवळून बसल्यावर देवनागरी अक्षरांच्या मात्रा व अनुस्वार फाटल्यासारखे दिसतात.

सोलापूरची वीज, ऊन आणि तूस

ज्या घरांतील प्लगला अर्थिंग नसते तेथे कॅबिनेटच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसमधील फिल्टरचा सूक्ष्म प्रवाह अर्थिंगअभावी कॅबिनेटवर येतो, म्हणून असे होते. संगणक बदलून हा दोष जात नाही. खरेदीपूर्वीच वायरमनकडून प्लग तपासून घ्यावा आणि तीन पिनांची वायर दोन पिनांच्या जोडणीत खुपसू नये. यूपीएस ६०० व्हीएचा पुरतो. तो तासभर काम करण्यासाठी नसून, वीज गेल्यावर फाइल जतन करून संगणक नीट बंद करण्यासाठी असतो, एवढीच अपेक्षा ठेवावी. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते आणि उष्णतेने तिचे आयुष्य आणखी घटते.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत संगणक भिंतीला चिकटवून किंवा कपाटात कोंडून ठेवू नये. यंत्रमागाच्या शेजारी राहणाऱ्यांना आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे सुताचा तूस. हा तूस पंख्यातून आत जाऊन प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत नमद्यासारखा बसतो आणि संगणक तापून संथ होतो. म्हणून कॅबिनेट जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवावे.

विजेच्या बिलाचाही विचार करावा. जुना टॉवर आणि मिनी पीसी यांच्या वापरात ५० वॅटचा फरक धरला आणि संगणक रोज पाच तास चालला, तर महिन्याला साडेसात युनिट वाचतात. महावितरणच्या १०० युनिटांच्या टप्प्याच्या काठावर असलेल्या घराला ही बचत जाणवते.

विंडोज की लिनक्स

टॅली, कोरलड्रॉ, ऑटोकॅड किंवा टायपिंग परीक्षेचे ठरावीक सॉफ्टवेअर लागत नसेल, तर विंडोजऐवजी टाकता येणारी लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली विनामूल्य आहे आणि साधारण यंत्रावर हलके चालते. त्यात लेखन आणि तक्त्यांसाठी लिबरऑफिस असते आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही निवडता येतो. आठव्या पिढीपूर्वीचा संगणक नातेवाइकाकडून फुकट मिळत असेल, तर त्याला एसएसडी बसवून मिंट टाकणे हा शून्याच्या जवळपास खर्चाचा मार्ग आहे. चोरटे विंडोज मात्र टाकून घेऊ नये. ते सक्रिय करण्यासाठी वापरले जाणारे क्रॅक अनेकदा स्वतःच व्हायरस असतात, आणि त्याच संगणकावर पुढे बँकेचे व्यवहार होणार असतात.

दुकानात तपासणी

नवी पेठेत किंवा अन्य कोठेही वापरलेले यंत्र पाहताना अर्धा तास हातात ठेवून जावे आणि सोबत एक पेनड्राइव्ह न्यावा. यंत्र बंद अवस्थेतून सुरू करायला सांगावे. सुरू होताना डेलमध्ये एफ२, एचपीमध्ये एफ१० आणि लेनोवोमध्ये एफ१ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) जावे. तेथे पासवर्ड मागितला गेला तर ते यंत्र घेऊ नये. विंडोज सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक आणि रॅम तपासावी, सेटिंग्जमध्ये विंडोज सक्रिय आहे का ते पाहावे आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या विनामूल्य सॉफ्टवेअरने एसएसडीचे आरोग्य किती टक्के उरले आहे ते वाचावे. प्रत्येक यूएसबी पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लावून पाहावा. त्यानंतर वीस मिनिटे १०८०पी व्हिडिओ चालू ठेवून पंख्याचा आवाज ऐकावा. विंडोज नव्याने मांडताना पडद्यावर एखाद्या कंपनीचे नाव आणि तिचे लॉगिन मागितले जात असेल, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत बांधलेले आहे असे समजून परत द्यावे.

बिल आणि त्यानंतरचे पहिले पंधरा दिवस

पक्के बिल घ्यावे, आणि त्यावर यंत्राचा अनुक्रमांक, प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी. "काही झाले तर आणा, बघू" ही वॉरंटी नव्हे. ऑनलाइन स्वस्त दिसणारे रिफर्बिश्ड (वापरलेले, पुन्हा नीट करून विकलेले) यंत्र बिघडल्यास ते कुरिअरने पुण्या-मुंबईला किंवा त्याहून दूर पाठवावे लागते. किमतीतला फरक हजार-पंधराशेचाच असेल, तर सहा महिन्यांची लेखी वॉरंटी देणारा गावातला दुकानदार मी पसंत करीन. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार खरेदी कोठूनही केली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क लागत नाही.

पहिले पंधरा दिवस संगणक रोज काही तास मुद्दाम चालवावा, म्हणजे दडलेला दोष बदलीच्या मुदतीतच उघड होतो. सर्व अपडेट याच काळात पूर्ण करून घ्यावेत आणि खोके जपून ठेवावे. त्यानंतर दर तीन महिन्यांनी वीजजोडणी काढून, पंखा बोटाने किंवा काडीने अडवून धरून ब्लोअरने तूस उडवावा, कारण पंखा मोकळा सोडून हवा मारली तर तो वेडावाकडा फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.